उरळीकांचनचे मणिभाई

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. थोरांचे चरित्र लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण आमच्या गोठ्यातले वासरू लाळ्या-खुरकुताने गेले, तेव्हापासून कै. मणिभाई देसाई यांच्याविषयी मिळेल ते वाचीत आले, म्हणून हे धाडस.

मणिभाईंचा जन्म 1920 सालचा, सुरतेकडच्या कोसमाडा गावी. विज्ञानाचे पदवीधर असूनही ते बेचाळीसच्या चळवळीत पडले व पुढे गांधीजींकडे आले. 1946 च्या मार्चमध्ये गांधीजींनी पुण्याजवळ उरळीकांचनला निसर्गोपचार आश्रम काढला आणि तो सांभाळण्यास मणिभाईंना मागे ठेवले. जन्मभर इथेच राहीन हा शब्द मणिभाईंनी 1993 साली देह ठेवीपर्यंत पाळला.

गुरांचे शास्त्र ते कॉलेजात शिकले नव्हते. आश्रमाच्या गोशाळेत गीर गायी पाळून, त्यांचे खाणे, वेत, दूध पाहून शिकले. 1967 साली त्यांनी बाएफ संस्था काढली. उणे 196 अंशांत गोठवून ठेवलेले जर्सी, होल्स्टीन वळूंचे वीर्य वापरून गावठी गायीपासून दुधाळ कालवड मिळवायची, हे त्यांचे काम. (असले काही अंकात लिहू नये, असे सासूबाई म्हणाल्या. पण गोठा तर आपणच काढतो ना?) संकरित गाय नाजूक, उन्हाला आणि गोचिडांना सोसत नाही, हेही खरे.

मला त्यांचे मोठेपण वाटते ते निराळ्याच गोष्टीत. माजावर आलेली गाय दोन कोस हाकीत नेणे काय असते, ते त्यांनी ओळखले. गाय दवाखान्यात न्यायची नाही, माणूसच गोठ्याशी येईल, असे ठरविले. त्यासाठी शिकलेले तरुण हाताशी धरून घडविले आणि त्यांना खेड्यांत राहायला लावले. 1982 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लाळ्या-खुरकुताची लसही त्यांच्या संस्थेने वाघोलीला तयार केली.

आणि मी? लस टोचणारे आळीत आले, तेव्हा आमची गाय कुंपणाबाहेर जात नाही म्हणून मीच त्यांना परत पाठविले. पंधरवड्यात तिच्या तोंडाला फेस आला, खुरांत फोड आले. गाय जगली, पण आटली. दीड महिन्याचे वासरू मात्र सकाळी उठलेच नाही.

आता लसीची तारीख कॅलेंडरवर मी स्वतः लिहिते, शेजारच्या दोन गोठ्यांचीही.