सुरतेला उतरलेला तरुण



शिक्षण संपत आले आहे आणि पुढे काय करायचे ते ठरत नाही. घरच्यांची इच्छा एक आहे, मनाची ओढ दुसरीकडे आहे. ज्यांच्याबरोबर रात्र रात्र गप्पा मारल्या, ते मित्र एकेक करून दूरच्या शहरांत निघाले आहेत. आपणही कुठेतरी जावे असे वाटते, पण कुठे आणि कशासाठी, हे नेमके सांगता येत नाही. तुमच्यापैकी अनेक जण आज या अवस्थेतून जात असतील. अशा वेळी वाटते की थोर माणसांना हा गोंधळ कधी झालाच नसेल, त्यांना आपली वाट जन्मतःच ठाऊक असेल.

म्हणून आज आचार्य विनोबा भावे यांच्या विशीतल्या दिवसांकडे पाहू या. विनोबा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते भूदानयात्रेतले पांढऱ्या दाढीचे, गावोगाव पायी फिरणारे वृद्ध संत. पण त्यांच्याही आयुष्यात एक काळ असा होता की परीक्षा अर्धी सोडलेली, हातात कोणताही व्यवसाय नाही, आणि पुढचा पत्ता ठरलेला नाही.

बडोद्याचे मित्र

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीला होते, त्यामुळे शिक्षण बडोद्यात झाले. वडील विज्ञाननिष्ठ होते. मुलाने आधुनिक विद्या शिकून मोठे व्हावे ही त्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी शाळेत त्याने फ्रेंच भाषा घ्यावी असा त्यांचा आग्रह होता. आई रुक्मिणीबाई अत्यंत भाविक होत्या. मुलाने संस्कृत शिकावे असे त्यांना वाटे. विनायकाला स्वतःला गणित फार आवडे. एकाच घरात तीन दिशा होत्या, आणि तिन्ही प्रेमाच्या होत्या. आपल्या घरांतही असेच असते ना?

वर्गात विनायकाचे मन फारसे रमत नसे. मन रमे ते बडोद्याच्या ग्रंथालयात, लांबलांबच्या फिरण्यात आणि मित्रांत. गोपाळराव काळे, रघुनाथ धोत्रे, बाबाजी मोघे, बेडेकर असे हे मित्र होते. चालता चालता तासन्‌तास चर्चा चालत. १९१४ मध्ये या मित्रांनी विद्यार्थी मंडळ स्थापन केले. तेथे नियमाने भाषणे होत, उत्सव होत, आणि मुलांनीच जमवलेल्या ग्रंथालयात सुमारे १६०० पुस्तके झाली. हे मित्र केवळ वेळ घालवायला एकत्र येत नव्हते. आयुष्याचे काय करायचे, हा प्रश्न ते एकमेकांना विचारू शकत होते. मैत्रीची हीच खरी कसोटी आहे.

दोन ओढी

विनायकाच्या मनात त्या वेळी दोन ओढी होत्या. एक हिमालयाची, ब्रह्मजिज्ञासेची. दुसरी बंगालची, कारण देशासाठी प्राण देणाऱ्या क्रांतिकारकांची भूमी म्हणून बंगालचे नाव तेव्हा तरुणांच्या ओठांवर होते. एकीकडे पूर्ण शांती, दुसरीकडे पेटलेली क्रांती. यांतले कोणते आपले, हे त्याला ठरवता येत नव्हते. एक मात्र पक्के ठरले होते. परीक्षा, पदवी आणि नोकरी या वाटेने आपल्याला जायचे नाही.

एके दिवशी त्याने आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत घातली. आईने साहजिकच विचारले की ठेवली असती तर काय बिघडले असते, पुढे कधी लागली असती. विनायकाचे म्हणणे असे की निर्णय झाल्यावर परतीची सोय राखून ठेवायची नाही.

२५ मार्च १९१६ रोजी तो इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसला. गाडी सुरतेला थांबली आणि तो खाली उतरला. मुंबईला न जाता तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडे जाणारी गाडी त्याने धरली. मित्र बेडेकर बरोबर होते. जायचे होते काशीला. हिमालयाची वाटही काशीवरून जात होती आणि बंगालचीही, म्हणून तूर्त काशी!

वडिलांना त्याने पत्राने कळवले की आपण परीक्षेला न जाता दुसरीकडे जात आहोत, मात्र आपल्या हातून काही गैर घडणार नाही एवढा विश्वास ठेवावा. कुठे जाणार, काय होणार, हे तो लिहू शकत नव्हता, कारण त्यालाच ते माहीत नव्हते. जेवढे माहीत होते तेवढे मात्र त्याने खरे लिहिले.

काशीचे दिवस

काशीत अन्नछत्रात एक वेळचे जेवण मिळे आणि वर दोन पैसे दक्षिणा. त्या दोन पैशांत रताळे आणि दही घेऊन रात्रीची सोय होई. दिवसा ग्रंथालयात संस्कृत ग्रंथांचे वाचन आणि संध्याकाळी गंगेच्या काठी चिंतन, असा क्रम होता. वाचताना ही निश्चिंत साधकाची दिनचर्या वाटते. पण वीस वर्षांच्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. घर सुटले आहे, परीक्षा हुकली आहे, हिमालय अजून दूर आहे आणि बंगालही दूरच आहे. सोबतीला आहे तो एक मित्र.

आणि तो मित्रही गेला. काशीतच बेडेकर आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत. गंगेच्या तीरावर विनायकाने आपल्या मित्राला अग्नी दिला.

मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. एका विश्वासावर दोघे घर सोडून निघाले होते, आणि काही आठवड्यांतच त्यांतला एक राहिला. आपण घेतलेल्या निर्णयाची किंमत कधी कधी आपल्या जिवलगांनाही मोजावी लागते. तरुणपणीच्या साहसाच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग गाळतो. विनोबांच्या जीवनातून तो गाळता येत नाही. अशा प्रसंगी माणूस घरी परतला असता तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. विनायक परतला नाही, आणि केवळ हट्ट म्हणून हिमालयाकडेही धावला नाही. त्याने आपला प्रश्न धरून ठेवला आणि उत्तर कुठून येते हे तो डोळे उघडे ठेवून पाहत राहिला.

एक पोस्टकार्ड

त्याच वर्षी फेब्रुवारीत काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींचे भाषण झाले होते. दागिन्यांनी मढलेल्या राजेमहाराजांसमोर त्यांनी देशाच्या दारिद्र्याचा विषय काढला होता आणि निर्भयतेची गरज सांगितली होती. त्या भाषणाची चर्चा काशीत अजून चालू होती. विनायकाने ते वर्तमानपत्रात वाचले, आणि त्याच्या मनात शंका उठल्या. त्या त्याने गांधीजींना लिहून विचारल्या. उत्तर आले. त्याने पुन्हा शंका लिहिल्या. या वेळी गांधीजींनी पोस्टकार्डावर कळवले की असे प्रश्न पत्रांनी सुटत नाहीत, प्रत्यक्ष आश्रमात येऊन पाहावे.

७ जून १९१६ रोजी विनायक अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोहोचला. गांधीजी भाजी चिरत बसले होते. राष्ट्राचा नेता भाजी चिरताना त्याने कधी ऐकला नव्हता, पाहणे तर दूरच. गांधीजींनी त्याच्याही हाती चाकू दिला. भाजी चिरता चिरता बोलणे झाले, आणि तीच त्याची पहिली दीक्षा ठरली. पुढे विनोबा सांगत की हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती या दोन्ही गोष्टी आपल्याला गांधीजींजवळ एकत्र सापडल्या. निघताना मनात असलेल्या दोन ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी तो गेला नाही, तरी ज्यासाठी निघाला होता ते त्याला मिळाले.

या मुलाने घरी आपला ठावठिकाणा कळवलेला नाही हे समजल्यावर गांधीजींनी स्वतः त्याच्या वडिलांना पत्र लिहिले. तुमचा मुलगा माझ्याजवळ आहे, आणि एवढ्या लहान वयात त्याने मिळवलेली तेजस्विता व वैराग्य मिळवायला मला कितीतरी वर्षे लागली, असा त्याचा आशय होता. मुलगा घर सोडून गेला की मागे राहिलेल्यांच्या जिवाला काय होते, हे त्या थोर माणसाने जाणले. आपल्या ध्येयाच्या भरात आपणही ते विसरू नये.

आश्रमात विनायकाचे विनोबा झाले. तेथे त्यांच्या वाट्याला आली ती स्वयंपाकघरातली, सफाईची, अंगमेहनतीची कामे. शरीर मुळातच किरकोळ, पण त्यांनी कामात कसूर केली नाही.

एका वर्षाची रजा

पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, त्यांनी गांधीजींकडून एक वर्षाची रजा घेतली. प्रकृती सुधारायची होती आणि संस्कृतचा अभ्यासही पुरा करायचा होता. वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ त्यांनी उपनिषदे, गीता आणि ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य यांचे अध्ययन केले. तेथेही विद्यार्थी मंडळ निघाले. ग्रंथालयासाठी पैसे हवेत म्हणून मुले जात्यावर लोकांचे दळण दळून देऊ लागली. दोन शेरांना एक पैसा असा दर होता. चांगल्या घरची मुलेही जात्यावर बसली.

अभ्यास झाल्यावर ते महाराष्ट्रात पायी फिरले. चारपाच जिल्हे आणि सुमारे ४०० मैल चालणे झाले. रायगड, सिंहगड, तोरणगड पाहिले, गावोगाव गीतेवर प्रवचने केली. या काळात आपण काय वाचले, किती चाललो, कोणते व्रत पाळले, याचा सविस्तर हिशेब त्यांनी गांधीजींना पत्राने पाठवला. वर्ष पुरे झाले त्याच दिवशी ते आश्रमात हजर झाले.

सुरतेला गाडीतून उतरणे एका क्षणाचे होते. वर्षभर मोकळे फिरून दिलेल्या दिवशी परत येणे हे रोजच्या संयमाचे काम होते. आपण पहिल्याचे कौतुक करतो. पण विनोबा घडले ते या दुसऱ्यामुळे.

मित्र पुन्हा भेटले

मग बडोद्याच्या त्या मित्रांचे काय झाले? घर सोडताना विनोबांनी कोणालाही ओढून नेले नव्हते. प्रत्येकाने आपापल्या वेळी, आपापल्या विचाराने निर्णय घेतला. पण काळे, धोत्रे, मोघे हे मित्र पुढे गांधीजींच्या रचनात्मक कार्यात आले आणि त्यांनी आपले आयुष्य त्यातच वेचले. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा आश्रमाची शाखा चालवण्यासाठी वर्ध्याला आले, तेव्हा बडोद्याच्या रस्त्यांवर सुरू झालेली चर्चा आता सूत, शेती आणि ग्रामसेवा यांच्या रूपाने चालू राहिली. दूर गेल्याने मैत्री तुटतेच असे नाही. प्रश्न एकच असेल तर वाटा पुन्हा मिळतात.

आणि आईची इच्छा? तीही वाया गेली नाही. आपल्याला समजेल अशी मराठी गीता हवी, असे आईने एकदा म्हटले होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्या गेल्या. पुढे १९३०-३१ मध्ये विनोबांनी ‘गीताई’ लिहिली, आणि ती आज मराठी घराघरांत म्हटली जाते. वडिलांकडून आलेली शास्त्रीय दृष्टी सूतकताईच्या प्रयोगांत आणि हिशेबी जगण्यात उतरली. घरातल्या तीन दिशांपैकी एकही अखेर व्यर्थ ठरली नाही.

आपल्यासाठी

मित्रांनो, विनोबांनी प्रमाणपत्रे जाळली म्हणून आपणही जाळावीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. ती आग त्यांची होती. तिच्यामागे अनेक वर्षांचे वाचन, व्रत आणि चिंतन होते. आपल्यापैकी बहुतेकांना परीक्षा द्यायची आहे, नोकरी शोधायची आहे, घराचा भार उचलायचा आहे. तोही धर्मच आहे.

पण एवढे आपण नक्की करू शकतो. पुढची सगळी वाट दिसत नसली तरी आपला खरा प्रश्न कोणता, हे शांत बसून शोधू शकतो. घरच्यांना जेवढे ठाऊक आहे तेवढे खरे सांगू शकतो. ज्या मित्रांशी तो प्रश्न बोलता येतो, त्यांना जपू शकतो. प्रवासाला निघालो तर परतण्याचा दिलेला शब्द पाळू शकतो. आणि ज्याच्याजवळ उत्तर मिळेल असे वाटते, त्याने हाती भाजी चिरायचा चाकू दिला, तर ते काम लहान न मानता तेथे बसू शकतो.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत विनोबांना भूदानाचे पहिले दान मिळाले आणि त्यानंतर सुमारे तेरा वर्षे ते देशभर पायी चालले. तेव्हा त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे होते. सुरतेला उतरलेल्या तरुणाला यातले काहीच माहीत नव्हते. त्याला फक्त पुढची गाडी माहीत होती, आणि आपण कशासाठी निघालो आहोत ते माहीत होते. आज तुम्हालाही एवढेच ठाऊक असेल, तर चिंता करू नका. तेवढ्यावर निघता येते.