यशवंतराव होळकरांची लेक

आमच्या देऊळघाटात गेल्या महिन्यात एक जमलेली सोयरीक मोडली. कारण काय, तर मुलीच्या वडिलांना चार वर्षांपूर्वी डोक्याचा त्रास झाला होता. बापाचं लेकीत उतरतंच, असं मुलाच्या आईचं म्हणणं. मंडळाच्या कामामुळे दोन्ही घरी माझं जाणं-येणं आहे. त्या रात्री मला बी.ए.ला शिकलेले यशवंतराव होळकर आठवले.

यशवंतरावांचा जन्म १७७६ सालचा, पुणे जिल्ह्यातल्या वाफगावचा. वडील तुकोजीराव १७९७ मध्ये गेले आणि भावाभावांत गादीचं भांडण लागलं. त्याच वर्षी पुण्यात शिंद्यांच्या फौजेनं त्यांचे भाऊ मल्हारराव यांना मारलं. यशवंतराव निसटून आपल्या विदर्भात, नागपुरास आले, तर भोसल्यांनी त्यांनाच कैदेत टाकलं! तिथूनही ते सुटले. १८०१ मध्ये पेशव्यांनी दुसरा भाऊ विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. पुढच्याच वर्षी यशवंतरावांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. मग इंग्रजांशी लढाया, दिल्लीला वेढा, आणि १८०५ चा तह. दहा वर्षं हा माणूस घोड्यावरून उतरला नाही म्हणा ना. झोप कुठली नि स्वस्थता कुठली?

१८०८ च्या सुमारास भानपुऱ्यात त्यांनी तोफा ओतण्याचा ध्यास घेतला. स्वतः भट्टीपाशी राबायचे. दारू वाढली, विसरायला होऊ लागलं, संताप आवरेना. शेवटी एवढ्या मोठ्या सरदाराला दोरांनी बांधून ठेवावं लागलं. नंतर ते अगदी गप्प झाले, लहान मुलासारखे. दूध पाजून त्यांना जगवत. कारभार पत्नी तुळसाबाईंनी पाहिला. १८११ मध्ये ते गेले तेव्हा पस्तिशीही पुरी नव्हती.

त्यांचा आजार नेमका कोणता, हे आज कोण सांगणार? पण त्यांची लेक भीमाबाई बघा. तरुणपणी विधवा झालेली ही बाई १८१७ साली महिदपूरच्या लढाईत घोड्यावर बसून इंग्रजांशी लढली. तिच्या डोक्यात काही बिघाड होता, असं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आनुवंशिकता खोटी, असं मी म्हणत नाही. आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असेल, तर शंभरातल्या साधारण दहा मुलांना तो होऊ शकतो. एरवी हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास. म्हणजे धोका वाढतो, पण नव्वद जणांना तो आजार होत नाहीच ना? शिवाय हे एका जनुकाचं काम नाही. शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, आणि त्यात जागरणं, नशा, मनावरचा ताण यांची भर पडते. जनुकं बदलता येत नाहीत, झोप मात्र सांभाळता येते.

हे सगळं मी मुलाच्या आईला सांगितलं. भीमाबाईचं त्यांनी नीट ऐकलं, टक्केवारी पटली नाही. मुलीच्या वडिलांच्या गोळ्या चालू आहेत का, रात्री झोपतात का, एवढंच विचारलं. चालू आहेत, झोपतात, आणि यंदा सोयाबीनही त्यांनीच पेरलं, असं मी सांगितलं. विचार करते म्हणाल्या. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.