परतीचे तिकीट न काढलेले फादर स्टीफन्स

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एका मावशींनी आम्हाला थांबवले. त्यांचा मुलगा कॅनडात नोकरीला आहे. त्याच्या वर्क परमिटची मुदत संपत आली आहे आणि आता पी. आर. म्हणजे कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचा की नाही, हे त्याला ठरवायचे आहे. मावशींचा प्रश्न साधा होता. अर्ज केला म्हणजे पोरगा गेलाच का? आम्हाला ठाऊक होते तेवढे आम्ही सांगितले. पी. आर. मिळाले तरी भारतीय पासपोर्ट राहतो. तो जातो तिकडचे नागरिकत्व घेतल्यावर, कारण आपल्या देशाला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. मात्र पी. आर. टिकवायचे तर कॅनडाच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांत ७३० दिवस तिकडे काढावे लागतात. मावशींनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झाले नाही. दिवसांचा हिशेब त्यांनी विचारलाच नव्हता.

पनवेलमध्ये आता असे घर शोधावे लागत नाही. पूर्वी माणसे आखातात जात. तिथे सामान्य कामगाराला कायमचे राहू देत नसत, त्यामुळे ठरवायचे काही नसायचे. करार संपला की बॅगा भरायच्या. आताची मुले जातात त्या देशांत दार अर्धे उघडे असते, आणि घरोघरी फोनवर रात्र रात्र बोलणी चालतात.

मावशी गेल्या आणि आम्हाला आठवण झाली ती उलट्या दिशेने, तिकडून इकडे आलेल्या एका माणसाची. फादर थॉमस स्टीफन्स यांना आपण ‘ख्रिस्तपुराण’कार म्हणून ओळखतो. परंतु चाळीस वर्षे परक्या देशात, परक्या राजाच्या मर्जीवर राहिलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे आपण क्वचितच पाहतो.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी होते. राणी एलिझाबेथच्या त्या काळात कॅथलिक राहणे धोक्याचे झाले होते. टॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत कॅथलिक मित्र त्यांना लाभला. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि येशूसंघात दाखल व्हायचे ठरवले. स्टीफन्स त्याचा नोकर असल्याची बतावणी करून त्याच्याबरोबर हिंडत असत. पण निघण्यापूर्वीच पाउंडला अटक झाली, आणि त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. तिथे असताना त्यांनी मित्रासाठीही रदबदली केली, आणि पाउंडला तुरुंगात असतानाच संघात प्रवेश मिळाला.

पुढे त्यांनी हिंदुस्थानात जाण्याची इच्छा दर्शवली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाज सुटले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. साडेसहा महिन्यांच्या त्या प्रवासात हिरड्या सुजणे, अंग फुगणे अशा आजारांनी दीडशेजण अंथरुणाला खिळले आणि सत्तावीसजण दगावले. गोव्यात उतरल्यावर काही दिवसांतच स्टीफन्स यांनी वडिलांना या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पुढे इंग्लंडमध्ये छापलेही गेले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासात त्यांचेच नाव घेतले जाते.

येथवर सारे त्यांच्या इच्छेने झाले. पुढे मात्र नियम बदलले. १५८० मध्ये स्पेनचा राजा फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला. स्पेन आणि इंग्लंड एकमेकांचे वैरी, त्यामुळे गोव्यात इंग्रज म्हणजे हेर असा संशय घेतला जाऊ लागला. तिकडे मायदेशात १५८१ च्या डिसेंबरमध्ये येशूसंघीय धर्मगुरू एडमंड कॅम्पियन यांना फाशी देण्यात आले, आणि १५८५ च्या कायद्याने येशूसंघीयांचे इंग्लंडमध्ये असणे हाच राजद्रोह ठरला. म्हणजे जिथे राहायचे तिथे संशय आणि जिथून आलो तिथे फाशीचा दोर. आजच्या व्हिसाच्या भाषेत सांगायचे, तर त्यांच्याकडे कोणत्याच देशाचा धड कागद नव्हता.

अशा स्थितीत १५८३ च्या अखेरीस चार इंग्रज कैदी गोव्यात आणले गेले. जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे व्यापारी, विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार. हे चौघे हलेब आणि बसऱ्याच्या वाटेने होर्मुझला पोहोचले होते. तिथे एका इटालियन व्यापाऱ्याने त्यांच्याविरुद्ध चहाडी केली आणि ते पकडले गेले. गोव्याच्या तुरुंगात त्यांची बाजू घेणे स्टीफन्स यांना सोपे नव्हते. स्वतःच संशयास्पद असलेल्या माणसाने आणखी चार संशयितांची तरफदारी करायची होती. तरीही त्यांनी ती केली. यान लिन्स्कोटेन या डच माणसाचीही मदत झाली. जामिनासाठी दोन हजार पारदाव भरणारा माणूस मिळाला आणि नाताळाच्या तोंडावर त्यांची सुटका झाली.

त्या चौघांचे पुढे काय झाले ते आम्हाला मुद्दाम सांगावेसे वाटते. स्टोरीने काही काळ येशूसंघाच्या घरी राहून चर्चसाठी चित्रे काढली. मग तो बाहेर पडला, गोव्यातच त्याने दुकान टाकले आणि लग्न करून तिथलाच झाला. उरलेले तिघे १५८४ च्या एप्रिलमध्ये जामीन मोडून पळाले. बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा असे करीत ते अकबर बादशहाच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. लीड्सला तिथे नोकरी, घर आणि घोडा मिळाला. तो तिथेच राहिला. न्यूबेरी खुष्कीच्या मार्गाने घरी जायला निघाला आणि वाटेत कोठे नाहीसा झाला ते कळले नाही. फिच बंगाल, पेगू, मलाक्का फिरून १५९१ मध्ये लंडनला परतला, तेव्हा घरच्यांनी त्याला मेला समजून त्याची मालमत्ता वाटूनही टाकली होती. आपल्याकडच्या घरांत जी जी भीती बोलून दाखवली जाते, ती सगळी या चौघांत आहे. परतलेल्यालासुद्धा घर जसेच्या तसे मिळाले नाही.

स्टीफन्स यांचे राहणे या चौघांहून वेगळ्या प्रकारचे होते. गोव्यात त्यांचे नावही बदलून पाद्रे एस्तेव्हांव झाले. साष्टी भागातील गावे, मडगाव आणि राशोल हे त्यांचे कार्यक्षेत्र. मधले एक वर्ष त्यांनी आपल्या वसईलाही काढले. साष्टीत दिवस सुखाचे नव्हते. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले, आणि नंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बोलणी करण्याच्या मिषाने गावच्या प्रमुखांना बोलावून ठार केले. देवळे आधीच पाडली गेली होती. बाहेरून आलेल्या गोऱ्या धर्मगुरूकडे लोकांनी विश्वासाने पाहावे असे काहीच त्या काळात घडत नव्हते. हे आपण झाकून ठेवू नये.

स्टीफन्स यांनी जे केले ते भाषेच्या वाटेने. आल्यावर चार वर्षांतच भाऊ रिचर्ड याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इकडच्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. युरोपातल्या पंडितांना हे उमगायला आणखी दोनशे वर्षे लागली. ते कोकणी बोलायला शिकले, तिचे व्याकरण लिहिले, आणि मराठीत तर इतके मुरले की संतांच्या ओवीत रचना करू लागले. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. त्यांच्या जागी वाचायला काहीतरी द्या अशी त्या लोकांची मागणी होती. त्यातून दहा हजार नऊशे बासष्ट ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ झाले. ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. १६०८ मध्ये त्यांनी रोमला संघप्रमुखांना पत्र लिहून इथल्याच लिपीत छपाई करण्याची परवानगी मागितली होती. तसे ग्रंथ मात्र त्यांच्या हयातीत निघाले नाहीत. त्यांनी स्वतःसाठी कायम वास्तव्याचा अर्ज केल्याची नोंद आमच्या वाचनात नाही. अर्ज केला तो अक्षरांसाठी.

याची किंमतही होती. भाऊ पॅरिसला ईशशास्त्र शिकवत होता. त्या दोघांत उरली ती पत्रे, आणि ती पोहोचायला वर्ष लागे. जिवलग मित्र पाउंड सुटला तो राणी वारल्यानंतर, तोवर दोघेही म्हातारे झाले होते. १६१९ मध्ये फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. वय सत्तरच्या आसपास होते. कोकणीतला त्यांचा प्रश्नोत्तरी धर्मग्रंथ १६२२ मध्ये आणि व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे त्यांच्या मागे, छापले गेले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या त्या जुन्या छापील प्रतींपैकी आज एकही सापडत नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला आणि १९५६ मध्ये पुण्याला, या वेळी देवनागरीत, ते पुन्हा छापले गेले.

स्टीफन्स व्रतस्थ होते. घरी परतण्याची वाट पाहणारी बायको नव्हती, फ्लॅटचा हप्ता नव्हता. म्हणून मावशींच्या मुलाला त्यांचे उदाहरण जसेच्या तसे लागू पडत नाही. तो स्टोरीसारखा तिथलाच होईल की फिचसारखा परत येईल, ते त्याचे त्याने ठरवायचे आहे. मावशींना आम्ही ही सगळी हकिकत मागच्या रविवारी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, की स्टीफन्स यांची आई तेव्हा होती का. आम्हाला उत्तर देता आले नाही.

मुलगा नाताळाला येणार आहे. अर्ज भरलेला आहे, फक्त पाठवायचा राहिला आहे, असे त्या म्हणाल्या. नाताळानंतर पनवेलहून मांडवी एक्सप्रेसने मडगावला जायचे आणि तिथून राशोलच्या टेकडीवर, असा त्यांचा बेत आहे. तिकिटे त्यांनी मुलाला न विचारता काढली आहेत. जायची आणि यायची, दोन्ही.