मांजरासाठी बांधलेले घर

इटलीच्या किनाऱ्यावर सान रेमो नावाचे गाव आहे. १८८१ साली एडवर्ड लिअर या इंग्रज चित्रकाराने तिथे नवे घर बांधले. तेव्हा त्याचे वय ६९, डोळे अधू, संसार नाही आणि महिन्याच्या महिन्याला येईल अशी मिळकतही नाही. नवे घर जुन्या घरासारखेच हवे, खोल्या, जिने, खिडक्या जिथल्या तिथे हव्यात, असा त्याचा हट्ट होता. कारण काय, तर त्याच्या फॉस नावाच्या बोक्याला नव्या जागेत चुकल्यासारखे होऊ नये. लिअरविषयी लिहिणारे बहुतेक जण हा किस्सा सांगतात आणि म्हाताऱ्याचे खूळ म्हणून हसून पुढे जातात. मला त्यावर हसता येत नाही.

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या नातवंडांना लिअर ठाऊक असतो. घुबड आणि मांजर होडीत बसून लग्नाला निघतात, ती कविता त्याचीच. पाच ओळींच्या विक्षिप्त कवितांचे त्याचे पहिले पुस्तक १८४६ साली निघाले आणि त्यावर त्याने आपले खरे नावही घातले नव्हते. त्याच वर्षी तो व्हिक्टोरिया राणीला चित्रकला शिकवत होता. चरितार्थ मात्र कवितेवर कधीच चालला नाही, तो चालला चित्रांवर.

जन्म १८१२ चा, लंडनजवळच्या हॉलोवेचा. एकवीस मुलांतला हा विसावा, असे सांगतात. वडील शेअर दलाल होते. त्यांचे व्यवहार बुडाले आणि घराची घडी विस्कटली. आयुष्याची वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला अशा घरांची कल्पना असते. बुडीत खात्याची नोंद एका ओळीत संपते, पण त्या घरातली मुले पुढे जन्मभर दचकत राहतात. एडवर्डला आईने जवळजवळ सोडूनच दिले. त्याला वाढवले ते वयाने एकवीस वर्षांनी मोठ्या असलेल्या अ‍ॅन या बहिणीने.

पाचव्या-सहाव्या वर्षापासून त्याला फिट्स येत. त्या काळी हा रोग म्हणजे कलंक. त्याने तो आयुष्यभर लपवला. झटका येणार हे त्याला आधी जाणवे. मग तो माणसांतून उठून आपल्या खोलीत जाई, दार लावून घेई आणि नंतर रोजनिशीत नुसती एक फुली मारून ठेवी. पाने उलटावीत तशा फुल्या दिसत जातात. भर मैफलीत पियानोवर सगळ्यांना हसवणारा हा माणूस अधूनमधून कुठे नाहीसा होतो, हे त्याच्या बहुतेक मित्रांना कधी कळलेच नाही. शिवाय दमा होता आणि लहानपणापासून येणारे उदासीचे झटके होते, ते वेगळेच.

विशीच्या आत त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बसून जिवंत पोपटांची चित्रे काढली. १८३२ साली त्यांचे पुस्तक झाले आणि त्या चित्रांना आजही मान आहे. पुढे डर्बीच्या उमरावाच्या वाड्यावर त्याच्या पशुपक्ष्यांची चित्रे काढण्याचे काम मिळाले. तिथल्या पोरांना रमवताना वेड्यावाकड्या कविता सुचल्या. १८३७ मध्ये तो रोमला गेला आणि नंतरची जवळजवळ सगळी हयात भूमध्य समुद्राभोवती फिरण्यात गेली. नवा गाव, नवी खोली, पुन्हा नवा गाव.

हिंदुस्थानातही तो आला होता. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक त्याचा मित्र. त्याच्या निमंत्रणावरून १८७२ मध्ये लिअर निघाला आणि सुएझपर्यंत येऊन परत फिरला. निमित्त सामानावरून झालेल्या भांडणाचे. खरे कारण जिवाची घालमेल असावी, असे मला वाटते. १८७३ च्या नोव्हेंबरात मात्र तो मुंबईला उतरलाच. वर्षभर देश पालथा घातला, दार्जिलिंगहून कांचनगंगा चितारली, १८७४ च्या पावसाळ्यात पुण्यात मुक्काम केला. त्याच वर्षी मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची एक कविता छापून आली. तिच्यात आपला धोबी बसायचे आसन होतो, खानसाम्यांची उंच झाडे होतात आणि कमरबंद हा माणूस गिळणारा प्राणी. साहेबाला नोकरांची नावे तेवढी ऐकू येत, अर्थ कळत नसे, यावरची ती मार्मिक टीका आहे की निव्वळ गंमत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सुएझहून माघारी आल्याच्या सुमारास फॉस त्याच्या घरात आला. पट्ट्यापट्ट्यांचे साधे पिल्लू. शेपटी तोडली की मांजर घर सोडून जात नाही, या समजुतीने नोकराने त्याची अर्धी शेपटी कापून टाकली. म्हणजे घराशी बांधून ठेवण्याची सुरुवातच अशी झाली. पुढे तो चांगला गरगरीत झाला, पण देखणा कधीच नव्हता. लिअरने मात्र सरदारांच्या ढालीवर सिंह असतात तशा ऐटीत त्याची चित्रे काढली: उभा, बसलेला, पहुडलेला. काही चित्रांत गोल चष्म्याचा, गोल पोटाचा लिअर आणि गोल फॉस शेजारी शेजारी आहेत.

मला हे आज का सांगावेसे वाटले? आमच्या घरी ठमी आहे. पुलाखालून उचलून आणलेली मांजर. पहिले काही महिने ती स्वतःचे पोट आणि मांड्यांची आतली बाजू चाटचाटून उघडी पाडत असे आणि सोफ्याच्या चिंध्या करत असे. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, चाटणे अति झाले की केस उरत नाहीत. डॉक्टरांनी आधी पिसवा, खरूज, अन्नाची अ‍ॅलर्जी, लघवीचा त्रास सगळे तपासले. कारण मनाचे म्हणून सोडून दिलेले दुखणे पुष्कळदा कातडीचे निघते. मग म्हणाले, हिला ओरडू नका, त्याने भीतीच वाढेल. खाणे रोज त्याच वेळी द्या. लपायला खोके आणि बसायला उंच फळी द्या. फर्निचर हलवू नका. ओरबाडणे ही खोड नव्हे. त्यात नखांची जुनी टरफले निघतात, अंग ताणले जाते आणि पंजाचा वास लागून जागा आपली होते. म्हणून एक जाड खांब सुतळी गुंडाळून सोफ्याशेजारी घट्ट रोवला. तीन-चार महिन्यांनी ठमीच्या पोटावर मऊ लव आली.

हे ऐकताना मला आमच्या बदल्या आठवल्या. नोकरीत नऊ गावे झाली. प्रत्येक बिऱ्हाडात ट्रंका उघडायच्या आधी ही देव्हारा त्याच कोपऱ्यात मांडत असे आणि फळीवर डबे त्याच क्रमाने लावत असे. मुले पहिल्या रात्री गाढ झोपत. तिला हे कोणत्याही डॉक्टरांनी सांगितले नव्हते.

लिअरलाही कोणी सांगितले नसणार. सान रेमोतले त्याचे पहिले घर १८७१ चे, समुद्राकडे तोंड असलेले. काही वर्षांत समोर मोठे हॉटेल उभे राहिले. समुद्र गेला आणि हॉटेलच्या भिंतीवरून परतणाऱ्या उजेडाने चित्रांची खोली निकामी झाली. त्याने पाण्यालगत, जिच्यापुढे कोणी बांधूच शकणार नाही अशी जागा घेतली. हिशेबाच्या दृष्टीने व्यवहार वाईटच. जुने घर लवकर विकले गेले नाही, मित्रांची मदत घ्यावी लागली. अशा वेळी वास्तुविशारदाला तोच नकाशा पुन्हा उतरवायला सांगणे म्हणजे खूळ खरे. पण झटका येताना अंधारातही जे दार हाताला लागते, ते दार त्याच जागी असणे म्हणजे काय, हे फॉसपेक्षा त्याच्या धन्याला अधिक कळत होते. बोक्याचे नाव पुढे करणे त्याला सोपे गेले असेल. फुल्या मारणाऱ्या माणसाला आडपडदा लागतोच.

फॉस नव्या घरात बिनघोर फिरला. १८८३ साली लिअरचा सत्तावीस वर्षांचा सोबती, ग्रीक नोकर जॉर्जियो, वारला. मग घरात जुने असे फॉसच उरला. १८८७ साली तोही गेला. लिअरने त्याला बागेत पुरून वर दगड बसवला आणि त्यावर वय कोरले ३१. प्रत्यक्षात बोका पंधरा वर्षांचाही जेमतेम असेल. त्यानंतर लवकरच, २९ जानेवारी १८८८ ला, लिअर त्याच घरात वारला. त्याच्या जुन्या मित्रांपैकी कोणालाही अंत्यविधीला पोहोचता आले नाही.