पुन्हा पहिल्या पानावर : येहुदी मेनुहिन

आमच्या तोयोसुच्या टॉवर मॅन्शनमध्ये वाद्य वाजवायच्या वेळा ठरलेल्या आहेत, त्यामुळे लेकीचा व्हायोलिनचा रियाज रोज संध्याकाळी जेवणाआधी. गेल्या हिवाळ्यात तिची मान आणि मनगट दुखायला लागलं. सेन्सेईंनी नवीन धडे थांबवले आणि गज कसा धरायचा इथपासून परत सुरुवात करायला लावली. पोरगी हिरमुसली. खरं सांगायचं तर मीही. तीन वर्षांनंतर पुन्हा पहिल्या पानावर? तेव्हा तिला ज्या माणसाची गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगतोय.

येहुदी मेनुहिनचा जन्म २२ एप्रिल १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये, एका ज्यू कुटुंबात झाला. वाढला सॅन फ्रान्सिस्कोत. सातव्या वर्षी तो तिथल्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवत होता. १९२७ मध्ये, अकराव्या वर्षी, त्याने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बीथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो वाजवला. एवढ्या लहान मुलाला हे कसं पेलणार, म्हणून कंडक्टर फ्रिट्झ बुश आधी तयारच नव्हते. मुलाचं वाजवणं ऐकलं आणि त्यांचा विरोध मावळला.

हा कॉन्चेर्टो १८०६ सालचा. टिंपनीच्या पाच हलक्या ठोक्यांनी सुरू होतो, मग बराच वेळ ऑर्केस्ट्रा, आणि त्यानंतर व्हायोलिन येतं. त्यात चमत्कृती कमी, साधे आरोह-अवरोह जास्त. म्हणजे लपायला जागाच नाही! आपल्याकडे बंदिश तीच आणि गवई वेगळा, तशातलाच प्रकार. फक्त इथे जवळजवळ प्रत्येक स्वर लिहून दिलेला. तरीही हायफेट्झ यांचं १९५५ चं रेकॉर्डिंग आणि मेनुहिन यांचं १९५३ चं, लागोपाठ ऐकून बघा. हायफेट्झ वेगवान, लखलखीत, कुठे सुईच्या टोकाएवढी चूक नाही. मेनुहिन सावकाश जातात. दुसऱ्या भागात तर एकेक स्वर जणू विचारून लावतात.

हा फरक कुठून आला, ते त्यांच्या आयुष्यात सापडतं.

बारा वर्षांचा असताना, १९२९ मध्ये, येहुदीने बर्लिनमध्ये एकाच संध्याकाळी बाख, बीथोव्हेन आणि ब्राम्स असे तीन कॉन्चेर्टो वाजवले. सोळाव्या वर्षी एल्गारच्या कॉन्चेर्टोचं रेकॉर्डिंग केलं, तेही खुद्द एल्गारच्या हाताखाली. पण एक गोम होती. ब्रसेल्समध्ये इझाय या बुजुर्ग वादकाने या पोराला, अवघड रचना वाजवून झाल्यावर, एक आर्पेजिओ वाजवायला सांगितला, तर तो चाचपडला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल : प्रोग्राम झकास चालतोय, पण का चालतोय ते कुणालाच माहीत नाही!

मग महायुद्ध आलं. मेनुहिन यांनी सैनिकांसाठी पाचशेहून अधिक कार्यक्रम केले. जुलै १९४५ मध्ये बेंजामिन ब्रिटनना पियानोवर घेऊन ते बर्गन-बेल्झनच्या छळछावणीतून वाचलेल्यांसमोर वाजवायला गेले. आणि १९४७ मध्ये बर्लिनला जाऊन फुर्टवेंग्लर यांच्याबरोबर हाच बीथोव्हेन वाजवला. नाझी काळात जर्मनीत राहिलेल्या कंडक्टरबरोबर एका ज्यूने वाजवावं, हे अनेक ज्यूंना सहन झालं नाही. मेनुहिन मात्र मैत्रीच्या आपल्या भूमिकेवरून हटले नाहीत.

याच वर्षांत हात दगा देऊ लागला. अंग आखडलेलं, झोप नाही, गज थरथरतोय. लहानपणी आपोआप जमलेलं आता आठवून जमेना. त्यांनी बैठकीपासून श्वासापर्यंत सगळं सुटं करून पुन्हा जोडायला घेतलं. सप्टेंबर १९५१ मध्ये ते जपानला आले आणि हिबियाच्या सभागृहात वाजवलं. आपल्या तोयोसुहून युराकुचो लाइनने दहा मिनिटांवर!

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, पंडित नेहरूंच्या आमंत्रणावरून ते भारतात आले. मुंबईत त्यांना भेटायला पुण्याहून एक योगशिक्षक आले, बी. के. एस. अय्यंगार. वेळ ठरली होती फक्त पाच मिनिटांची. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजवलं आणि त्या दमलेल्या माणसाला चक्क गाढ झोप लागली. भेट अर्थातच लांबली. १९५४ मध्ये मेनुहिन यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं आणि घड्याळ भेट दिलं. त्याच्या मागे त्यांना आपला सर्वोत्तम व्हायोलिनगुरू म्हणून गौरवलं होतं. व्हायोलिन हातात न धरणारा गुरू, आपल्या पुण्याचा!

योगाने जादू झाली असं मात्र नाही. लहानपणीची ती बिनचूक सहजता परत आली नाही, गज पुढेही अधूनमधून डळमळायचा. पण त्यांनी वाजवणं सोडलं नाही. रविशंकरांच्या सतारीसमोर शिष्यासारखे बसले. त्यांच्या संयुक्त रेकॉर्डला १९६७ चं ग्रॅमी मिळालं. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये मुलांसाठी संगीतशाळा काढली. नंतर ते ऑर्केस्ट्राच्या संचालनाकडे वळले. १२ मार्च १९९९ रोजी बर्लिनमध्येच त्यांचं निधन झालं.

लेकीला मी दोन्ही रेकॉर्डिंग्ज ऐकवली. तिला हायफेट्झ जास्त आवडले, आणि त्यात काही चूक नाही. मी मात्र रात्री उशिरा, हेडफोन लावून, मेनुहिनच लावतो. सेन्सेईंनी गेल्या महिन्यात नवीन धडा दिला. पण आमच्याकडे रियाजाआधी पाच मिनिटं शवासन अजून चालू आहे. तिचं आणि माझंही.