स्वामी रामानंद तीर्थ

शाळेच्या वक्तृत्वसभेंत आपण उभे राहून मनांतील विचार मोकळेपणानें बोलतों, यांत आपणांस कांहींच विशेष वाटत नाहीं. परंतु आपला परभणी जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत मोडत होता, तेव्हां सभा भरविण्यापूर्वीं सरकारची परवानगी घ्यावी लागे. अशा काळीं मराठवाड्यांतील मुलांना निर्भयपणें बोलावयास ज्यांनीं शिकविलें, त्यांत स्वामी रामानंद तीर्थ यांचें नांव अग्रभागीं आहे.

स्वामीजींचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजीं विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी या गांवीं झाला. तरुणपणीं कांहीं काळ कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालीं काम करून ते निजाम राज्यांतील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेंत शिक्षक म्हणून आले. पुढें त्यांनीं संन्यास घेतला. परंतु भगवीं वस्त्रें धारण करूनही त्यांनीं वनाची वाट धरिली नाहीं, शाळा हाच आपला मठ मानिला. १९३५ सालीं ते मोमिनाबाद, म्हणजे आजचें अंबाजोगाई, येथील शाळेंत गेले.

१९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन परतूर येथें भरलें. हें गांव त्या वेळीं परभणी जिल्ह्यांतच होतें. राज्यांतील मराठी जनतेस आपलीं गाऱ्हाणीं मांडावयास तेथें जागा मिळाली. दुसऱ्या वर्षीं स्वामीजींनीं शिक्षकाचें काम सोडिलें. जें आजवर वर्गांत शिकविलें, तें आतां आचरून दाखविण्याची वेळ आली होती. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वींच सरकारनें तिजवर बंदी घातली. ती मोडून स्वामीजी १९३८ च्या सत्याग्रहांत तुरुंगांत गेले.

त्याच वर्षाच्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. शेंकडों विद्यार्थ्यांनीं माघार न घेतां विद्यापीठांतून काढून टाकलें जाणें पत्करिलें. परीक्षा आणि आईबापांच्या आशा, सारें त्यांनीं पणास लाविलें. अखेर नागपूर विद्यापीठानें त्यांतील अनेकांना आश्रय दिला.

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं तिरंगा फडकविल्याबद्दल स्वामीजींना अटक झाली. पुढच्या वर्षीं ऑगस्टांत ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांची हैदराबादेंत हत्या झाली. रझाकारांविरुद्ध निर्भीडपणें लिहिणें हाच त्यांचा अपराध. मोकळ्या वाणीसाठीं झगडणारे एकाच धर्माचे वा एकाच भाषेचे नव्हते, हें यावरून दिसतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली.

स्वामीजी पुढें लोकसभेंत निवडून गेले. २२ जानेवारी १९७२ रोजीं ते निवर्तले. नांदेड येथें १९९४ सालीं स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचें नांव आहे, आणि आपल्या जिल्ह्यांतील अनेक महाविद्यालयें त्यास जोडलेलीं आहेत. उद्यां तुमच्यापैकीं कित्येकांच्या पदवीपत्रावर तें नांव असेल. त्यास शोभेल असें वागावयाचें, तर दोन संवयी आतांपासूनच लावून घ्याव्या : आपलें मत न भितां बोलावें, आणि आपणांस न पटणारें मत बोलणाऱ्याचें तोंड कधीं बंद करूं नये. पालकांनींही या दोन्ही संवयींचा आरंभ घरांतूनच करून द्यावा.