चाकांना भूमीशी बांधणारा : कॉलिन चॅपमन

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या बसच्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने प्रवास केला आहे, त्याला गाडीच्या स्प्रिंगांचे महत्त्व पुस्तकातून शिकविण्याची आवश्यकता नाही. खड्डा आला की बाक खाली जातो, पुढच्याच क्षणी आपण वर उडतो, आणि वळण आले की सारी बस एका अंगावर कलते. बैलगाडीला स्प्रिंग नसते. म्हणून वाटेतला प्रत्येक दगड थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो. मोटारीत चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंग असते, आणि त्या स्प्रिंगचे हेलकावे आवरणारी तेलाने भरलेली नळी, म्हणजे शॉकअब्सॉर्बर असतो. या सर्व रचनेला सस्पेन्शन म्हणतात.

या रचनेपुढे एक जुना पेच आहे. स्प्रिंग मऊ ठेवावी, तर बसणाऱ्यास सुख होते, परंतु वळणावर गाडी कलते. स्प्रिंग ताठ ठेवावी, तर गाडी वळणावर स्थिर राहते, परंतु खडबडीत रस्त्यावर चाक उसळून भूमी सोडते. आणि चाकाने भूमी सोडली की स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. हा पेच सोडविण्यात ज्याने आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्या कॉलिन चॅपमन नावाच्या इंग्रज इंजिनियरची ही जीवनकथा आहे.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळील रिचमंड येथे झाला. त्याचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात एक खाणावळवजा हॉटेल चालवीत. मुलगा हुशार होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो बांधकामशास्त्र शिकू लागला, आणि तेथील हवाई पथकात दाखल होऊन विमान चालविण्यासही शिकला. कॉलेजात शिकत असतानाच तो एका मित्रासह जुन्या मोटारींची खरेदीविक्री करी. परंतु १९४७ च्या अखेरीस सरकारने खाजगी गाड्यांसाठीचा पेट्रोलचा पुरवठा बंद केला आणि हा धंदा पार बुडाला. हाती उरली ती न खपलेली एक जुनी ऑस्टिन सेव्हन गाडी.

दुसऱ्या एखाद्याने ती भंगारात काढली असती. चॅपमनने मात्र ती हेझेल विल्यम्स या आपल्या मैत्रिणीच्या घरामागील एका छोट्या गॅरेजात नेली व सारी उकलून काढली. विमानाच्या बांधणीचे नियम त्याच्या मनात ताजे होते. विमानात निरुपयोगी असे एक तोळाही वजन नसते, आणि बाहेरचे कवचही भार पेलण्याचे काम करते. याच नियमाने प्लायवुड आणि ॲल्युमिनियम यांचे नवे अंग त्याने त्या गाडीला चढविले. हीच पहिली लोटस होय. इ. स. १९५२ मध्ये त्याने हेझेलकडून पंचवीस पौंड उसने घेऊन लोटस कंपनी स्थापन केली, तेव्हा कंपनीचा कारखाना म्हणजे वडिलांच्या हॉटेलामागील जुने तबेले होते! दिवसा तो एका ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी करी, आणि रात्री तबेल्यात गाड्या बांधी. इ. स. १९५४ मध्ये त्याने हेझेलशी विवाह केला. कंपनीच्या उभारणीत तिच्या कष्टांचा वाटा मोठा होता.

चॅपमनचा विचार साधा होता. एंजिनाची शक्ती वाढविली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगाने धावेल. पण वजन कमी केले तर ती सरळ धावताना, वळताना व थांबताना, सर्वत्र सरस ठरेल. म्हणून त्याने एकाच भागाकडून दोन-दोन कामे करून घेण्याचा प्रघात पाडला. सस्पेन्शनच्या बाबतीतही त्याने रूढ समजूत उलटी केली. शर्यतीची गाडी म्हटली की तिच्या स्प्रिंगा ताठ असाव्यात, असे त्या काळी बहुतेकांना वाटे. चॅपमनने सांगाडा ताठ केला आणि स्प्रिंगा मऊ ठेवल्या. मात्र त्यांचे हेलकावे शॉकअब्सॉर्बरने काटेकोरपणे आवरले. त्यामुळे चाके रस्त्याच्या प्रत्येक चढउताराला धरून राहत. त्याची कीर्ती एवढी पसरली की १९५६ साली व्हॅनवॉल या दुसऱ्या संघाने आपल्या गाडीची रचना त्याच्याकडून करवून घेतली, आणि १९५८ मध्ये त्याच संघाने गाड्यांच्या निर्मात्यांसाठी असलेले पहिले जागतिक विजेतेपद पटकावले.

यानंतर यशाची मालिका सुरू झाली. १९६२ च्या लोटस २५ या गाडीत त्याने नळ्यांच्या सांगाड्याऐवजी विमानासारखी पत्र्याची पेटी वापरली. शेतकऱ्याचा मुलगा असलेला स्कॉटलंडचा जिम क्लार्क लोटसमधून १९६३ व १९६५ साली जगज्जेता झाला. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये तर एंजिन हाच सांगाड्याचा मागचा भाग बनला. चॅपमनच्या हयातीत त्याच्या संघाने सात वेळा निर्मात्यांचे जागतिक विजेतेपद जिंकले.

परंतु या यशाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून ही कथा खरी होणार नाही. हलकी वस्तू आणि नाजूक वस्तू यांच्यामधील सीमारेषा केसाएवढी बारीक असते, आणि चॅपमन नेहमी त्या रेषेलगत चाले. लोटस गाड्यांचे भाग मोडत. १९६९ साली बार्सिलोना येथील शर्यतीत त्याच्या दोन्ही गाड्यांचे मागचे पंख मोडून भीषण अपघात झाले. त्यांतून वाचलेल्या जोखेन रिंट या चालकाने चॅपमनला पत्र लिहून गाडीच्या दुबळेपणाविषयी स्पष्ट तक्रार केली. पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर १९७० रोजी, इटलीतील मॉन्झा येथे सरावाच्या वेळी रिंट मृत्यू पावला. पुढच्या चाकाच्या ब्रेकला जोडणारा दांडा तुटल्याने गाडी हातची गेली, असे मानले जाते. त्या वर्षीच्या त्याच्या गुणांना कोणी ओलांडू न शकल्यामुळे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. त्याआधी १९६८ मध्ये चॅपमनचा जिवलग जिम क्लार्क जर्मनीतील होकेनहाइम येथे वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी लोटस चालविताना गेला होता. त्या आघाताने चॅपमन खचला. पण शर्यत त्याने सोडली नाही.

सत्तरीच्या दशकात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाऱ्यालाच कामाला लावले. गाडीच्या पोटाखालून वेगाने जाणारी हवा गाडीला खाली ओढील, अशी रचना त्यांनी केली. १९७८ साली मारिओ आंद्रेत्ती अशा गाडीतून जगज्जेता झाला. मात्र या युक्तीने जुना पेच अधिकच बिकट केला. पोट आणि रस्ता यांतील अंतर सतत सारखे राहावे म्हणून स्प्रिंगा दगडासारख्या ताठ कराव्या लागल्या, आणि चालकांची हाडे खिळखिळी होऊ लागली. चॅपमनने यावर एकात एक असे दोन सांगाडे असलेली लोटस ८८ तयार केली. बाहेरचा सांगाडा हवेचा दाब सोशील व आतला चालकाला जपेल, अशी ती योजना होती. १९८१ मध्ये अधिकाऱ्यांनी ती नियमबाह्य ठरविली.

तेव्हा चॅपमनने स्प्रिंगलाच रजा देण्याचे ठरविले. त्याच वर्षी पीटर राइट या सहकाऱ्याच्या देखरेखीखाली लोटसमध्ये नवे काम सुरू झाले. प्रत्येक चाकाशी तेलाच्या दाबाने वरखाली होणारा एक दट्ट्या बसविला. चाकाची हालचाल व गाडीचा कल मोजणारी उपकरणे ती माहिती क्षणोक्षणी एका संगणकास पुरवीत, आणि कोणत्या चाकाला किती उचलावे अथवा सोडावे, हे संगणक ठरवी. मऊ की ताठ, हा प्रश्न आता कारखान्यात एकदाच सोडवावयाचा नव्हता. रस्त्यावर तो क्षणाक्षणाला नव्याने सुटणार होता.

आणि येथेच दैवाचा खेळ पाहा! १६ डिसेंबर १९८२ रोजी इंग्लंडमधील स्नेटर्टन येथे या सस्पेन्शनच्या शर्यती गाडीची पहिली चाचणी व्हावयाची होती. त्याच दिवशी पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमनचे निधन झाले. वय होते अवघे चोपन्न.

त्याच्या मृत्यूनंतर एक काळी गोष्टही उघड झाली. बेलफास्टजवळील डिलोरियन मोटार कंपनीला ब्रिटिश सरकारने मोठे साहाय्य दिले होते, आणि लोटस तिच्यासाठी काम करीत होती. त्या व्यवहारातील लक्षावधी पौंड भलत्याच वाटेने गेले होते. या प्रकरणी लोटसच्या एका वरिष्ठ हिशेबाधिकाऱ्यास १९९२ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. न्यायालयापुढे उभे राहण्यास चॅपमन उरलाच नव्हता.

त्याने पेरलेले बीज मात्र वाढले. १९८३ मध्ये नायजेल मॅन्सेलने ते सस्पेन्शन प्रथम शर्यतीत उतरविले. पण ते जड व अपुरे ठरले. १९८७ साली मोनाकोच्या अरुंद रस्त्यांवर आयर्टन सेन्नाने लोटसमधून त्याचा पहिला विजय मिळविला. १९९२ मध्ये विल्यम्स संघाच्या तशाच गाडीतून मॅन्सेल जगज्जेता झाला, आणि १९९४ पासून शर्यतींत त्यावर बंदी आली. तरीही विचार मेला नाही. १९९२ नंतर दहाच वर्षांनी, २००२ मध्ये, लोहकणमिश्रित तेलाचे शॉकअब्सॉर्बर रस्त्यावरील मोटारींत आले. त्यांतून वीज सोडली की तेल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घट्ट होते. आज अनेक गाड्यांत एक कळ दाबताच शॉकअब्सॉर्बर मऊ वा ताठ होतो. घरून शर्यतीच्या मैदानापर्यंत सुखाने जावे आणि तेथे पोहोचल्यावर त्याच गाडीने वळणे कापावीत, यासाठी जुने शॉकअब्सॉर्बर काढून असे नवे बसवून घेणारेही आहेत. त्यांतील दट्ट्ये चॅपमनच्या गाडीतल्यासारखे चाक उचलीत नाहीत. पण रस्ता पाहून आपला स्वभाव बदलण्याची कल्पना तीच आहे.

मित्रहो, चॅपमनकडून काय घ्यावे? न खपलेल्या जुन्या गाडीतून नवे जग उभारण्याची त्याची जिद्द घ्यावी. प्रत्येक वस्तूचे वजन विचारण्याची सवय घ्यावी. पण त्याचबरोबर रिंटचे ते पत्रही स्मरणात ठेवावे. आपण हलके केलेल्या वस्तूवर कोणाचा प्राण टांगला आहे, हा प्रश्न कोणत्याही गणितातून गाळता येत नाही. मोटारीचे चाक भूमी सोडू नये म्हणून हा माणूस जन्मभर झटला. यशाच्या वेगात स्वतःचे पाय मात्र त्याला नेहमीच भूमीवर ठेवता आले नाहीत. ती दक्षता आपण ठेवली, तर त्याच्या जीवनाचा अभ्यास सार्थकी लागेल.